रंगीत भुकटीचे चित्र

मुलांनो,

परवा तुमच्यापैकी एकीचा फोन आला. तिच्या तिकडच्या गावात वाचनालयाच्या एका खोलीत हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरलं होतं. त्यात तिचीही चित्रं होती, आणि कुणाच्या तरी पोरानं त्यातल्या एकाला जॅमचं बोट लावलं. ती चिडली होती आणि थोडी रडतही होती. मी तिला धीर दिला, पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खोलीत येरझारा घातल्या. साताऱ्याची ती दुपार मी कधीच मागे टाकली, असा माझा समज होता.

म्हणून हे लिहिते आहे. फोनवर सांगायला गेले तर पुढचं आधी आणि मागचं नंतर होतं, आणि मला सगळं क्रमानं लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मराठी सावकाश वाचता, तेव्हा सोपं लिहिते.

आमच्या पेठेच्या टोकाला एक वाचनालय होतं. खाली पुस्तकं आणि वर्तमानपत्रं, वर एक लांबट दिवाणखाना. दर वर्षी नाताळच्या सुट्टीत त्या दिवाणखान्यात गावातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरे. गॅलरी म्हणजे आमच्या लेखी घराचा सज्जा. चित्रांनाही गॅलरी असते हे मी इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं, आणि आमचा दिवाणखाना म्हणजे तेच, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणायची आणि चित्रं टांगायची. अजिंक्यताऱ्याचे देखावे, फोटोवाल्यानं काढलेल्या कुणाकुणाच्या वडिलांच्या तसबिरी, पाट्या रंगवणाऱ्याचे देव, आणि एका कोपऱ्यात मुलींचं भरतकाम. दुपारची वेळ बायकांसाठी राखून ठेवलेली असे.

मी सांगते आहे त्या वर्षी महायुद्ध चालू होतं. विलायती रंगांच्या नळ्या बाजारातून नाहीशा झाल्या होत्या आणि चांगला कागदही मिळत नव्हता. सुतळी अर्धी रिकामी राहणार असं दिसू लागलं, तेव्हा वाचनालयाच्या चिटणिसांनी जाहीर केलं की ज्याला जे साधन मिळेल त्यानं चित्र काढावं, आम्ही मांडू. त्यामुळे माझ्या आत्याला वाट मिळाली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिला सांगलीत दिली होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचे यजमान विषमज्वरानं गेले आणि ती आमच्याकडे परत आली. तेव्हा ती तिशीच्याही अलीकडे होती. आमच्या घरात तिला कुणी छळत नव्हतं, हे आधी सांगून ठेवते, कारण अशा गोष्टींत तुम्ही लगेच छळ शोधाल. वडील तिच्याशी हळू आवाजात बोलत. आई तिला विचारल्याशिवाय भाजीसुद्धा ठरवत नसे. पण तिला करायला असं काही नव्हतं, आणि तिला स्वस्थ बसता येत नसे. निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडायची. जिना चढून वर जायची आणि कशाला आलो ते विसरून खाली यायची. बोलता बोलता तिचं बोट कशावर ना कशावर फिरत असायचं. परातीतल्या पिठावर नाक उमटायचं, मग कपाळ, मग डोक्यावरचा पदर. आई म्हणायची, "वन्सं, कणीक भिजवायचीय," की ती हात फिरवून सगळं सपाट करायची.

हे ती सांगलीत शिकली. तिच्या सासरच्या घरासमोर गणपतीच्या दिवसांत एका दिवाणखान्याच्या जमिनीवर रांगोळीची माणसं काढत, अगदी हुबेहूब. नव्या सुनेला तिथे जायची मुभा नव्हती. ती माडीच्या झरोक्यातून बघत बसायची. फडक्यातून रांगोळी कशी गाळून सोडतात, गालाखाली सावली कशी टाकतात, ते तिनं असं वरून पाहून उचललं. कागदावर मात्र तिचा हात चालत नसे. पेन्सिल धरली की रेघ थिजायची.

आणि आता तुम्हाला न कळणारी गोष्ट. इतकी हुशार असून आत्या आमच्या दारात रांगोळी काढत नसे. नवरा गेलेल्या बाईनं रांगोळी काढायची नाही, कुंकवाला हात लावायचा नाही, हे कुणी तिला सांगावं लागलं नव्हतं. दारातली रांगोळी आई काढायची किंवा मी काढायचे, वाकडीतिकडी. आत्या उंबऱ्याच्या आत उभी राहून बघायची आणि तिची बोटं पदराच्या काठावर चालत असायची.

सांगलीतल्या एका मुलींच्या शाळेला चित्रकलेची बाई हवी होती. आत्याकडे कसलंच प्रमाणपत्र नव्हतं. ओळखीच्या माणसाकडून वडिलांनी शब्द टाकला, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला की प्रमाणपत्र नसलं तर हात बघू. त्या सुट्टीत पुण्याला जाणार होत्या. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी वाटेत साताऱ्याला उतरतील, दुपारी चित्र बघतील आणि पुढे जातील. जूनपासून नोकरी, राहायला शाळेच्या आवारातच खोली. आत्यानं हा निरोप ऐकला, आणि त्या दिवसापासून तिचं जेवणात लक्ष राहिलं नाही.

अडचण उघड होती. आत्यानं रांगोळी काढली असं म्हटलं की गावात बोलणं सुरू होणार, आणि ते सांगलीला पोचायला वेळ लागणार नाही. चिटणीस सज्जन होते पण भित्रे. वडिलांनीच तोड काढली. चित्राखाली चिठ्ठी लावायची: "रंगीत भुकटीचे चित्र. काढणार, साताऱ्याच्या एक भगिनी." रांगोळी हा शब्दच नको. दारात नाही, देवापुढे नाही, दिवाणखान्यातलं चित्र ते. वडील हे दोनदा म्हणाले. मला वाटलं, ते स्वतःला सांगत होते.

आत्यानं दिवाणखान्याच्या जमिनीवर आजीचं चित्र काढलं, म्हणजे तिच्या आईचं. आजी सवाष्ण गेली होती. चित्रात ती सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. पांढऱ्यासाठी शिरगोळ्याच्या दगडाची पूड, निळ्यासाठी कपड्यांची नीळ, काळ्यासाठी कोळसा, पिवळ्यासाठी पिवडी, लालसाठी गेरू. सगळं कुटून मलमलीच्या तुकड्यातून गाळून घ्यायचं. दोन विटांवर फळी टाकून तिच्यावर ओणवं होऊन ती मधला भाग भरायची. मी डबे पुढे करायचे. प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी आजी जमिनीतून वर आल्यासारखी दिसू लागली, सुपावरच्या तिच्या हातांच्या शिरांसकट. फक्त कपाळ जमेना. कुंकवासाठी आत्यानं गेरू टाकला, त्यात विटेची पूड मिसळली, मग पुन्हा गेरू. लाल उजळेना.

"आईचं कपाळ विझल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

कुंकवाचा करंडा घरात होता. तो आणू का असं मी विचारलं नाही आणि तिनं मागितला नाही.

प्रदर्शन तीन दिवस होतं आणि ते तीन दिवस मी त्या चित्रापाशी बसून काढले. बाकीची चित्रं भिंतीवर सुखरूप होती. आमचं जमिनीवर होतं, आणि फुंकर त्याला पुरेशी होती. किल्ल्याकडून वारा यायचा म्हणून त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. आढ्यात चिमण्यांची घरटी होती, म्हणून वर वडिलांचं धोतर ताणून बांधलं. लांब पदराच्या बायका आल्या की मी उठून उभी राहायचे. तपकीर ओढणारे एक गृहस्थ रोज यायचे. त्यांना शिंक येणार असं दिसलं की चिटणीस त्यांचा दंड धरून जिन्यापर्यंत नेत आणि शिंक झाल्यावर परत आणत. जिल्ह्यात भूमिगतांची धामधूम होती, कुठे माणसं जमली की पोलीस डोकावायचे. एक शिपाई वर आला, चित्र बघून थबकला, आणि बूट हातात घेऊन चवड्यांवर चालत सगळी भिंत बघून गेला. हसायला येत होतं, पण हसताना श्वास सुटेल म्हणून मी तोंडावर हात धरला होता.

पहिल्याच दिवशी आमच्या आळीतल्या वकीलीणबाई आल्या. गावातली कुठलीही गोष्ट बरी की वाईट हे त्या ठरवायच्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, आजीला ओळखलं, माझ्याकडे पाहिलं.

"भुकटीचं चित्र," त्या म्हणाल्या. "बरं."

एवढंच. त्या "बरं"वर आई आणि वडील त्या संध्याकाळी पुष्कळ बोलले.

आत्या लोकांसमोर येत नव्हती. सकाळी उघडायच्या आधी येऊन ती कडा सारख्या करायची आणि घरी जायची. पण शेवटच्या दुपारी मुख्याध्यापिकाबाई यायच्या होत्या, म्हणून ती शेजारच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून राहिली. दाराच्या फटीतून तिचा एक डोळा मला दिसत होता. सातारा रोड स्टेशनावर आगगाडी किती उशिरानं येईल याचा भरवसा नव्हता, लष्कराच्या गाड्यांना आधी वाट मिळायची. तिथून गावात येणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची आणि चढ आला की धापा टाकायची. रस्त्यावर मोटारीचा आवाज झाला की मी खिडकीकडे जायचे आणि पुन्हा चित्रापाशी यायचे.

बायकांची वेळ होती. वकीलीणबाई पुन्हा आल्या होत्या, बरोबर आणखी दोघीतिघी होत्या. त्यांच्या मागून एक खेड्यातली बाई जिना चढून आली. वहाणा खाली काढलेल्या, हातात गाठोडं. ती म्हसवडकडची होती. तिचा मुलगा पलटणीत होता, बरेच दिवस त्याची खुशाली नव्हती, म्हणून कचेरीत विचारायला आली होती. साहेब जेवायला गेले होते. कुणी तरी म्हणालं वर चित्रं मांडलीत, तेव्हा वेळ काढायला ती वर आली. हे सगळं तिनं मला न विचारता सांगितलं. मग तिची नजर खाली गेली.

चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती. तिनं चित्राच्या कडेनं एक फेरी घातली आणि वळून मला विचारलं,

"पोरी, येवढी रांगोळी काढली आन् हळदकुकू वाहायचं ऱ्हायलं व्हय गं?"

मुलांनो, आमच्याकडे रांगोळी काढून झाली की तिच्यावर चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू वाहतात. त्याशिवाय ती पुरी झाली असं कुणी मानत नाही. घरात कुणी विसरलं तर दुसरी बाई न सांगता वाहते. त्या बाईनं तेच केलं. माझं तोंड उघडायच्या आत तिनं पदराची गाठ सोडली, म्हसवडच्या नाथाच्या देवळातली पुडी काढली, वाकली, आणि हळद आणि कुंकू आजीच्या कपाळावर सोडलं. मग हात जोडले.

"माजा ल्योक लढाईवर हाय," ती चित्राला म्हणाली. "त्येला संबाळ."

हळद आजीच्या गालावर आणि डोळ्यावर पसरली. कुंकू कपाळावर पडलं आणि थोडं नाकापर्यंत आलं. पदराचं टोक घासून सुपाची एक कड पुसली गेली. चिटणीस धावत आले, त्यांनी चित्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं पडलं की लगेच वर चादर टाकावी, आज बंद म्हणून सांगावं, सांगलीच्या बाईंनाही तेच सांगावं.

तेवढ्यात रस्त्यावर मोटारीची धाप ऐकू आली.

आत्या खोलीतून बाहेर आली. कपाळ उघडं, अंगावर मातकट लुगडं, हातात मोराचं पीस आणि पोकळ बोरू. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या.

"म्हणजे रांगोळीच ती," वकीलीणबाई म्हणाल्या.

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती म्हसवडच्या बाईकडे बघत होती, आणि ती बाई तिच्या कपाळाकडे.

"बया," ती बाई हळूच म्हणाली, "तुमी काढली व्हय?"

आत्यानं मान हलवली.

"मग म्या वाहिलं ते बरं झालं. कुनी तरी वाहायला पायजेच की." आणि गाठोडं काखेत मारून ती बाजूला झाली.

आत्यानं फळी ओढली, विटांवर टाकली आणि ओणवी झाली. बोरूची नळी तोंडात धरून गालावरच्या हळदीचे कण तिनं श्वासानं ओढून घेतले, उरलेले पिसानं टिपले. मलमलीतून पांढरं आणि गेरू थोडं थोडं सोडून गाल पुन्हा भरला, डोळा भरला. तिचे हात मी एरवी कायम हलताना पाहिले होते. तेव्हा ते ज्या जागी हवेत त्याच जागी होते. नाकावरचं कुंकूही तिनं तसंच उचललं. मग कपाळ राहिलं. मी गेरूचा डबा पुढे केला.

"राहू दे तो," आत्या म्हणाली.

तिनं उजव्या हाताचं बोट पुढे केलं आणि आजीच्या कपाळावरचं कुंकू कडेकडेनं आत सारत आणलं, गोल होईपर्यंत. खालच्या गेरूवर ते खरं कुंकू बसलं आणि आजीचा सगळा चेहरा वर आला. आत्याच्या बोटाला लाल लागलं. तिनं ते पदराला पुसलं नाही. वकीलीणबाई ते बोट बघत होत्या. मग त्या जिन्याकडे वळल्या आणि त्यांच्या मागून त्यांच्याबरोबरच्या बायकाही गेल्या.

जिन्यातच त्यांची मुख्याध्यापिकाबाईंशी गाठ पडली असणार, कारण बाई वर आल्या तेव्हा मागे वळून बघत होत्या. उंच, चष्मा लावलेल्या, प्रवासाच्या काजळीनं माखलेल्या. आपणहून चपला काढून त्या चित्रापाशी जमिनीवर बसल्या. सुपापासून कपाळापर्यंत त्यांनी चित्र निरखलं. मी आत्याकडे बघत होते आणि आत्या त्यांच्या चष्म्याकडे.

"डाव्या हाताचा अंगठा आखूड झालाय," बाई शेवटी म्हणाल्या.

"हो," आत्या म्हणाली.

"कपाळ छान उतरलंय. कसला रंग हा?"

चिटणीस खाकरले. भुकटी, वेगवेगळ्या भुकट्या, असं काही तरी ते म्हणू लागले.

"कुंकू," आत्या म्हणाली.

बाईंनी तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग बोटाकडे. चष्मा काढून पुसला. मला आता खोलीत थांबवेना आणि बाहेरही जाववेना.

"आमच्याकडे फळ्यावर खडूनं काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "जमेल?"

"खडू म्हणजे भुकटीच ना," आत्या म्हणाली.

बाई हसल्या. कपड्यांना लागलेली काजळी झटकायला त्या उठून जिन्यापर्यंत गेल्या, कारण चित्रापाशी झटकायची नाही हे त्यांना कळलं होतं. जाताना म्हणाल्या की जूनच्या पहिल्या आठवड्यात या, येताना मलमल आणा, सांगलीत मिळत नाही.

म्हसवडची बाई केव्हा निघून गेली ते कुणी पाहिलं नाही. कचेरी उघडली असेल. तिच्या मुलाचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. पुढे अनेक वर्षं माणदेशातलं कुणी भेटलं की आत्या चौकशी करायची, पण बाईचं नाव ठाऊक नाही, नक्की गाव ठाऊक नाही, विचारणार काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र मोडलं. ते मोडायचंच असतं. आत्यानं स्वतः झाडून गोळा केलं. सगळे रंग एकत्र झाल्यावर राखेसारखं तपकिरी काही तरी उरलं. ते आम्ही दोघींनी माहुलीला संगमावर नेऊन सोडलं. परत येताना ती इतकी भरभर चालत होती की मला धावावं लागलं.

वकीलीणबाईंनी त्या संक्रांतीला आईला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आईनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी जरा मोठ्यानं वाजली. वडील जूनपर्यंत कधी म्हणायचे झालं ते चांगलं झालं, कधी म्हणायचे घाई झाली. आत्याला मोटारीत बसवून आल्यावर त्यांनी जेवण टाळलं आणि दिवसभर दारात उभे राहिले.

आत्या सांगलीत स्वस्थ झाली असं मला लिहिता येणार नाही. कॉलेजच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायचे, तेव्हा तिच्या मुली सांगायच्या की बाईंना खुर्चीवर बसलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. दर वर्षी ती शाळेच्या सभागृहात मुलींच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायची. एक चित्र नेहमी जमिनीवर असायचं, त्याखालच्या चिठ्ठीवर "रांगोळी" असा शब्द असायचा, आणि शेवटी ती त्यावर स्वतः हळदकुंकू वाहायची. पहिल्या वर्षी दोन घरच्यांनी त्यावरून आपल्या मुली शाळेतून काढून घेतल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी आत्याला तसं कळवलं, आणि पुढच्या वर्षीही सभागृह तिलाच दिलं.

वाचनालय साताऱ्यात अजून आहे. वरच्या दिवाणखान्यात आता मुलं परीक्षेचा अभ्यास करतात. आत्याच्या हातचं एकही चित्र उरलेलं नाही, आणि त्यांपैकी एकाचाही फोटो कुणी काढला नाही. तिचा मलमलीचा तुकडा तेवढा उरला आहे. तो माझ्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात, पांढऱ्या कागदात गुंडाळून ठेवला आहे, आणि त्याच्यावर निळीचे आणि गेरूचे डाग आहेत.